किसनमामांचं भेव

साप धरायच्या आधी किसनमामा त्याची खुशाली विचारतात. कुणाच्या न्हाणीत नाग निघाला की मामा काठी टेकवून वाकतात आणि म्हणतात, "काय पाव्हणे, इकडं कसं काय येनं केलं?" मग त्याला प्लॅस्टिकच्या बरणीत घालून गावाबाहेरच्या नाल्यात सोडून येतात. घरची माणसं तोवर खाटेवर चढून उभी असतात. त्यांना मामांचं ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं, "त्यात कायचं भेव?" रिठदमध्ये हे ऐकलं नाही असं घर सापडायचं नाही.

मी त्यांची शेजारीण. आरोग्य केंद्रात नर्स होते, आता रिटायर झाले. मामा एकटेच राहतात. यंदा ओट्यावरून घसरले आणि खुबा मोडला. वाशीमला ऑपरेशन करून सांधा बदलला. अशा ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली. रोज एक, पोटाच्या कातडीत. टोचायचं काम माझ्याकडे आलं.

सुई पाहताच मामांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. आधी चहा घ्या म्हणाले. चहा झाल्यावर पोट दुखून राह्यलं म्हणाले. नागाची मान धरणारा माणूस सुईला भितो, याचं मला हसू आलं. एकदाचं टोचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, माझा पुतण्या कंपाउंडर आहे, आता तोच येऊन देत जाईल. मी खरं मानलं.

काही दिवसांनी कण्हणं ऐकू आलं म्हणून गेले. पोटरी सुजून टणक झाली होती, हात लावला तर गरम. खाटेखालच्या पिशवीत इंजेक्शनं तशीच पडलेली. ही गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो, ते मी पाहिलेलं आहे. ऑटो करून वाशीमला निघालो. प्रत्येक खड्ड्याला मी मामांच्या छातीकडे बघायची, श्वास चालू आहे ना.

सोनोग्राफीत गाठच निघाली. डॉक्टर म्हणाले, औषध रक्त पातळ करायचंच, पण आता जास्त, सकाळ-संध्याकाळ. ते गेल्यावर मामांनी माझं मनगट धरलं.

"बाई, घोणस चावली का बी रक्त पातळच होते."

मी रिठदला यायच्या आधीची गोष्ट. सोयाबीन निंदताना मामींना घोणस चावली. जीपमध्ये मामींचं डोकं मामांच्या मांडीवर होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. मामा धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"तं म्हणे, काहून पुसून राह्यले, धोतर खराब होईन. मंग बोललीच नाई." माझं मनगट सोडून म्हणाले, "तवापासून मी साप धरतो."

मी त्यांना सांगितलं, ते विष होतं, हे मापानं दिलेलं औषध आहे, आणि रक्त तपासत राहतील. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. मी इथंच बसते म्हटल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटले आणि पोटावरची चादर बाजूला केली.

सूज उतरली. मामा घरी आले, आता गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी आरशात हिरड्या पाहतात आणि वॉकर धरून ओट्यावर येऊन मला ओरडून सांगतात, "बाई, आज बी रक्त नाई." मी भांडी घासता घासता बरं म्हणते.

मधे एक दिवस मी लेकीकडे राहिले. परत आले, अजून कुलूप काढत होते तर मामा वॉकर टेकत टेकत माझ्या दारात.

"सांगाचं राह्यलं होतं," म्हणाले. "काल बी नाई."