मिठाच्या खड्यातील हवेचा वाद

श्री. जी दिसत नाही आणि जिच्यावाचून घडीभर चालत नाही, त्या हवेस आधी नमस्कार. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी संवत्सर, माघ मास. ते समयी राज्यात मोठा वाद माजला होता, की पृथ्वीवर प्राणी जन्मले नव्हते तेव्हा हवेत प्राणवायू किती? दरबारातले विसाजीपंत म्हणत, नावापुरता. आमचे कुटुंब यमुनाबाई म्हणत, शंभरात दहा भाग. आणि पुरावा काय, तर जुना समुद्र आटला तेव्हाची हवा मिठाच्या खड्यात बुडबुडा होऊन अडकली, तो खडा बाईंनी खाणीतून आणिला. मग श्रावणात बाई तापाने वारल्या, आणि वाद तसाच राहिला, आणि दरबारात रोज त्यांचे नाव निघे, म्हणून आम्ही रोज दरबारात जाऊन बसू लागलो. घरी बसवेना. मग सरकारांनी हुकूम केला, की खडा फोडून निकाल लावावा. राज्याची रीत अशी, की खडा आणणाराने घाव घालावा आणि विरोधकाने भांडे धरावे, म्हणजे लबाडी नको. बाई नाहीत, सबब हातोडी आमच्या हाती आली. बंद भांड्यात खडा, झाकणातून आत गेलेला लोखंडी दांडा, त्यावर मारावयाचे. आम्हांस धास्ती, की निकाल लागला म्हणजे वाद संपला, मग उद्यापासून बाईंचे नाव कोण घेतो? हातोडी वर गेली ती खाली येईना.

विसाजीपंत बोलिले, "नाना, मारा की! हात भरून आले माझे. वहिनी असत्या तर एव्हाना माझी बोटंसुद्धा फोडली असती."

सभा हसली, आम्हांसही हसू आले, आणि तेवढ्यात हातोडी पडली. भांड्यातली हवा प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रात गेली आणि आकडा आला, दहाच्या किंचित वर. सभा उभी राहिली. आता पंतांनी "मान्य" म्हणावे आणि मिटावे. पंतांनी आमच्याकडे पाहिले, आणि मग म्हणाले, "खड्याला बारीक फट असेल. आजची हवा शिरली आत. वहिनींनी तपासलंच नाही."

आम्ही उसळलो, "तपासलं नाही? भिंगाखाली धरून डोळे लाल केले तिने! तुम्ही होता का तिथे?"

"मग दुसरा खडा आणा."

"आणतो!"

सारांश, खडा फुटला, हवा उडाली, वाद उभा आहे. आम्ही खाणीस निघालो आहोत, पंतही बरोबर आहेत, आणि वाटभर यमुनाबाईंस चूक ठरवीत आहेत. ते दमून गप्प झाले, की आम्हीच विचारतो, "हं, त्या फटीचं काय म्हणत होता?"