दीड वितेचा हातमोजा

श्री. ज्याने हात दिले आणि हातांस धरण्याची ओढ दिली त्या ईश्वरास नमन करोन, शके सतराशे अमुक, चित्रभानु नाम संवत्सरे, चैत्र मासी जे वर्तमान जाहले ते यथामति लिहिले असे. पदरचे काही पडले असेल तर वाचणाराने चाळून घ्यावे.

एक राज्य होते. तेथील राजे हैबतराव. त्यांची हैबत शत्रूस किती वाटे हे ईश्वर जाणे, परंतु राजेसाहेबांस मात्र सदैव कशाची ना कशाची वाटत असे. पायास भिंगरी, चित्त थाऱ्यावर नाही, बसले की उठत आणि उठले की पुन्हा बसत. त्या राज्याची रीत पुरातन होती, की मुलांस जे घ्यावे ते वाढत्या अंगाचे घ्यावे. अंगरखा गुडघ्याखाली, जोडे दोन बोटे मोठे, पुढे कापूस कोंबावा, आणि अंगरखा मापाचा होईतो विटून जावा, ऐसी चाल. त्यात कोणास वावगे दिसत नव्हते. त्या समयी टोपीकरांचा बेसबॉल नामे खेळ राज्यात आला. चार ठाणी मांडावी, एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने दांडूने हाणावा आणि ठाणी धावोन घ्यावी, आणि राखणारांनी एका हाती चामड्याचा मोठा हातमोजा घालोन चेंडू झेलावा, ऐसा तो खेळ. राजकन्या मैनाबाई, वय वर्षे अकरा, या खेळी तरबेज जाहल्या आणि त्यांचा जीव तिसरे ठाणे राखण्यावर जडला. परंतु खेळाच्या सरनौबत गिरजाबाई तोंडाच्या फटकळ. त्या बोलिल्या, "राजकन्या असाल वाड्यात. पंचमीस परीक्षा. तीन चेंडू हाणीन. एक तरी हाती राहिला तर ठाणे तुमचे, नाहीतर दुसरीस देईन." हे ऐकोन मैनाबाई सरावास गेल्या, राजेसाहेब मात्र तीनदा उठले आणि तीनदा बसले.

मग राजेसाहेब तडक तुळाजी जीनगराकडे गेले. तुळाजी पिढीजात खोगिरे शिवणारा, आणि आता हातमोजेही शिवीत असे. मैनाबाई त्या वेळी मैदानी होत्या, आणि त्यांस संगे न्यावे हे घाईत राजेसाहेबांस सुचले नाही. तुळाजीने राजेसाहेबांच्या पाठीमागे कोणी दिसते का ते पाहिले आणि बोलिला, "ताईसाहेबांचा हात कुठाय, सरकार?"

"हात मैदानावर आहे. मोजा दाखीव."

मग तुळाजीने दोन मोजे मांडिले, धाकला वीत दोन बोटांचा आणि थोरला दीड वितेचा. आणि बोलिला, "घालून मूठ मिटाय पायजे. मिटली तर मोजा त्यांचा, न्हाई तर नुसतं चामडं. ह्यो धाकला न्या."

राजे बोलिले, "वाढते अंग आहे. थोरला दे. तीन वर्षे पाहावे लागू नये."

"सरकार, खोगीर दारात हुब्या घोड्याचं शिवत्यात. पोटातल्या शिंगराचं न्हाई."

यावर राजेसाहेब तांबडेलाल जाहले आणि थोरलाच उचलोन निघाले. नवे चामडे ताठ असते, त्यास तेल चोळावे, आत चेंडू घालोन दोरीने आवळावे आणि वजनाखाली ठेवावे, हे ते ऐकोन होते. आणि स्वतःहून भरवशाचे वजन राज्यात न दिसल्याने हातमोजा गादीखाली ठेवोन त्यांनी चार दिवस दरबार केला. एका अंगास कलून बसत, मग दुसऱ्या, मग उठोन हातमोजा चाचपीत, आणि परराज्याचा वकील मनी समजला की तहावर राजे नाखूष आहेत, आणि त्याने न मागता दोन गावे सोडिली. मग हातमोजा मऊ जाहला, आणि मैनाबाईंच्या हाती घालोन राजेसाहेबांनी पुसिले, "बसतो ना? नाहीतर मोठी झालीस की बसेलच."

मैनाबाई बोलिल्या, "बसतो, आबासाहेब." आणि मागे फिरोन मोज्याच्या पाची बोटांत कापूस कोंबू लागल्या.

पंचमीस परीक्षा जाहली. राजेसाहेब कडेस उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. पहिला चेंडू आला आणि हातमोज्यास लागोन बाहेर पडला, कारण मूठ मिटेना. दुसरा चेंडू बरोबर आत बसला, आणि हातमोजा चेंडूसुद्धा हातातून निघोन दहा हात मागे जाऊन पडला, आणि आतला कापूस मैदानभर उडाला. लोक हसले. राजेसाहेबांस हसू आले नाही. ते ओरडले, "थांबा! परीक्षा थांबवा!" गिरजाबाई बोलिल्या, "ठाणे पडताना शत्रू थांबतो का?" आणि तिसरा चेंडू हाणिला. मैनाबाईंपाशी हातमोजा नव्हता. त्या आडव्या धावल्या आणि उघड्या हातांनी चेंडू धरिला, आणि धरोनच ठेविला.

ठाणे त्यांचे जाहले. मग राजेसाहेब धावत गेले आणि त्यांनी लेकीचा हात हाती घेतला. तळवा लालभडक सुजला होता. आणि कितीएक वर्षांत तो हात आपण उलगडोन पाहिलाच नाही, हे ध्यानी येवोन त्यांचे डोळे भरले. बोलिले, "मोजा मोठा होतो हे सांगितले का नाहीस, बाळ?"

मैनाबाई बोलिल्या, "तुम्ही म्हणालात ना, मोठी झाले की बसेल. मी सारखी घालून बघत होते, झाले का."

तो सुजला हात धरोनच राजेसाहेब तुळाजीच्या दुकानी गेले, आणि धाकला हातमोजा चढविला, आणि मैनाबाईंनी मूठ मिटली, ती मिटली. तुळाजी बोलिला, "पुढल्या साली हा आखूड व्हईल, सरकार." राजे बोलिले, "होवो." आणि त्या दुकानी ते घटकाभर स्वस्थ बसले, एकदाही उठले नाहीत.

सारांश, राजकन्या अकरा वर्षांच्या आहेत हे त्या राज्यास त्या दिवशी कळले. ठाणे राहिले, रीत गेली. लेखनसीमा.