हडळीला पन्हं

जगातले सगळे भयपट रात्री सुरू होतात, कारण दिग्दर्शकांना डोकं चालवायचा कंटाळा असतो, असं विपुलचं ठाम मत होतं. त्याचा भयपट भर दुपारी सुरू होणार होता.

आता पोरगं अर्धवट असलं तरी यात तथ्य होतं. मे महिन्यात अकोल्यात रात्री भूत काढणार कुठून? अख्खी जठारपेठ गाद्या घेऊन गच्चीवर. कोणी टरबूज कापतंय, कोणी पत्ते कुटतंय. भुताला उभं राहायला जागा नाही. दुपारी एक वाजता मात्र रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

"सुनसान पायजे ना? मंग दुपारच," त्याने धाकट्या बहिणीला, अपेक्षाला समजावलं. वहीत चौकटी आखल्या. घरात कूलरची घरघर. दारावर थाप. दारात पांढऱ्या साडीतली हडळ. ती हात वर करते, घरघर थांबते आणि त्या शांततेत किंकाळी!

किंकाळी मारायची होती खुशालरावांनी, म्हणजे विपुलच्या वडिलांनी, आणि तीही खरी. पैजच तशी लागली होती. "हे पिच्चरचं खूळ पुरे झालं. सोमवारपासून दर्यापूरले मामाच्या कृषी केंद्रात बस," ते म्हणाले होते. "नाई तं मले घाबरवून दाखव. घाबरलो तं वर्षभर तुले एक शब्द बोलणार नाई."

तीस वर्षं परतवाडा-चिखलदरा घाटात एसटी चालवलेला माणूस! समोर अस्वल आलं तेव्हा यांनी हॉर्न वाजवला आणि अस्वलच दचकलं, असं ते स्वतःच सांगत. विपुलला स्वप्नात बियाण्याच्या थैल्या दिसू लागल्या.

रविवारी दुपारी एक वाजता खुशालराव कूलरसमोर पहुडले. विपुल बाहेर जिन्याखाली, मेन स्विचपाशी दबा धरून बसला. अपेक्षा हडळ होऊन बिल्डिंगच्या मागून निघाली. पण पंचेचाळीस डिग्रीत शंभर पावलं चालताना तोंडावरची पावडर ओघळायला लागली, म्हणून तिने पदर तोंडाभोवती घट्ट गुंडाळून घेतला. फक्त डोळे उघडे. तिथेच घात झाला. मे महिन्यात अकोल्यातली प्रत्येक बाई अशीच दिसते.

खुशालरावांनी दार उघडलं. "ये माय, ये. एवढ्या उनात काहून निघाली? सर्वे हाये काय?"

"माहा जीव... जळून राह्यला..." हडळ घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सगळ्याइचाच जळून राह्यला. कांदा ठेवत जाय जवळ."

हडळीने ठरल्याप्रमाणे हात वर केला. खुशालरावांनी त्यात पन्ह्याचा ग्लास दिला. हडळ बिचारी तहानलेली. तिने तो पदराआडूनच घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

जिन्याखालून विपुलने ते पाहिलं. गेलो दर्यापूरला! त्याने डोळे मिटून मेन स्विचचा दांडा खाली ओढला. इतक्या जोरात, की दांडा हातातच आला.

कूलर गप्प झाला. क्षणभर शांतता. आणि मग खुशालराव असे किंचाळले, की तशी किंकाळी विपुलने एकाही पिच्चरमध्ये ऐकली नव्हती. "लाइन गेलीऽऽ!" त्यामागोमाग वरून आणखी अकरा किंकाळ्या आल्या, कारण तो स्विच अख्ख्या बिल्डिंगचा होता.

दोन मिनिटांत बाराही घरं जिन्यात जमली. पुढे विपुल, हातात दांडा घेऊन. वायरमनला फोन लावला, तर तो मूर्तिजापूरला लग्नात होता. उद्या सकाळी येतो म्हणाला.

खुशालरावांनी घाम पुसला. माणूस शब्दाचा पक्का. "घाबरलो मी. कबूल हाये. आता वर्षभर तुले एक शब्द बोलणार नाई." मग ते जिन्यातल्या मंडळींकडे वळले आणि म्हणाले, "तुमी बोला."

दर्यापूरची पहिली गाडी सकाळी सहाची होती. कोणी सांगितलं नसताना विपुल बॅग घेऊन साडेपाचलाच स्टँडवर बसला होता.