आप्पांना काही झालेलं नाही

आमचे लोटनआप्पा शिंकायला घराबाहेर जातात. शिंक येतेय असं वाटलं की हातातला चहाचा कप खाली ठेवतात, पायात चपला अडकवतात, अंगणातल्या कडुनिंबाकडे तोंड करून शिंकतात आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसतात. "सर्दी झाली का आप्पा?" असं विचारायची सोय नाही.

"माले काय व्हयेल नही," हे उत्तर तयार असतं. शिंक बहुधा कडुनिंबाला आलेली असते.

आप्पा साखर कारखान्यात शेतकी विभागाला होते, मी ऑफिसात. आता दोघंही रिटायर झालोय आणि शहाद्याला एकाच कॉलनीत राहतो. ते माझ्याहून मोठे, अंगाने दणकट, आवाज असा की उसाच्या फडातून हाक मारली तर ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करायचा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतला असतो. आप्पा एकटे राहतात, स्वतः भाकरी थापतात आणि कुणी कसे आहात विचारलं तर "एक नंबर" म्हणतात. आजारी पडणं म्हणजे चोरी करताना पकडलं जाणं, अशी त्यांची काहीतरी समजूत आहे.

एकदा मोटारसायकल घसरून त्यांचा उजवा हात मोडला. दुसऱ्या दिवशी रनाळ्याला लग्न होतं. आप्पा लग्नाला हजर, उजवा हात पॅन्टच्या खिशात. जेवायला बसले नाहीत. "उपास शे" म्हणाले. नवरदेवाच्या मामाने प्रेमाने तो हात खिशातून ओढून काढला आणि गदागदा हलवला. आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"लगनमा माले भरी येस," आप्पा म्हणाले.

हर्नियाचं ऑपरेशन त्यांनी लांब चिंचपाड्याला जाऊन केलं, ओळखीचं कुणी येऊ नये म्हणून. मला पत्ता लागला, मी गेलो. खाट रिकामी होती आणि आप्पा शेजारच्या खाटेजवळ स्टुलावर बसून त्या पेशंटला मोसंबी सोलून देत होते. मला बघून म्हणाले, "अरे सुरेश, तू आठे कथा? मी याले भेटाले उनू." त्या पेशंटने आप्पांना त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. आप्पांच्या शर्टाखालून ऑपरेशनची पट्टी दिसत होती. लाज मलाच वाटली. मी त्या पेशंटची चौकशी करून परत आलो.

असा हा माणूस आमच्याबरोबर व्हिएतनामला आला.

सहल आम्हा रिटायर लोकांची होती. निघण्याआधी टूर मॅनेजर मेघाताईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, "कुणाला काय आजार आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, मोकळेपणाने सांगा. परदेशात काही झालं तर तिथल्या डॉक्टरांना माहीत पाहिजे." मग काय, चढाओढच लागली. कुणाची शुगर, कुणाचे मणके. एकाने तर आपला मुतखडा किती मोठा होता ते बोटाने दाखवलं. आप्पांची पाळी आली तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मन्हा काय नही. लिखा, एक नंबर."

त्यांना ब्लडप्रेशर होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गोळ्या ते बडीशेपेच्या डबीत ठेवायचे. विमानात त्यांनी मला बडीशेप दिली. तिच्यात एक पांढरी गोळी निघाली, तर आप्पांनी झडप घालून ती परत घेतली. "पिपरमेंट शे," म्हणाले. मला पिपरमेंट न देणारा माणूस म्हणून मी त्यांच्यावर मनातून जरा रुसलोही.

व्हिएतनामला एके ठिकाणी समुद्रात पाण्यातून उभे डोंगर वर आलेले आहेत आणि त्यांच्यामधून बोट फिरते. सगळे वरच्या डेकवर फोटो काढत होते. मी खाली आलो तर आप्पा जिन्याच्या आडोशाला, दोरांच्या ढिगावर बसलेले. चेहरा राखेसारखा. वारा थंड होता आणि शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"आप्पा!"

"आरडू नको. हावा भरनी छातीमा. कोनले सांगू नको. तू वर जाय, फोटो काढ."

मी ओरडलोच. मेघाताई धावत आल्या. बोटीवरच्या लोकांनी आप्पांना आडवं केलं, कप्तानाने बोट वळवली, किनाऱ्यावर फोन लावला. निरनिराळ्या देशांचे प्रवासी भोवती जमले. आणि आप्पा, पडल्यापडल्या, प्रत्येकाला हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणत होते. एका गोऱ्या बाईने पंख्यासारखी टोपी हलवून वारा घालायला सुरुवात केली, तर आप्पांनी डोळे मिटून घेतले. मला म्हणाले, "माले संडासमा बसाडी दे. आठे समदा देखी ऱ्हायनात."

मला राग आला, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. कुणाची ते कळत नव्हतं. मीही त्या लोकांना "सॉरी" म्हणायला लागलो.

धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. आत घातल्यावर सायरन सुरू झाला, तसा आप्पांनी माझा हात धरला. "तो भोंगा बंद कराले सांग. गाव गोळा व्हई." कुठलं गाव? तिथे आम्हाला ओळखणारं कुत्रंही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोन पुढे केला. त्यात ते त्यांच्या भाषेत बोलायचे आणि फोन आम्हाला शुद्ध मराठीत विचारायचा, "आपल्या वक्षस्थळी वेदना केव्हापासून आहे?" आप्पा माझ्याकडे बघायला लागले. "हाई बाई काय म्हनी ऱ्हायनी?" मग त्यांनी फोनला सांगितलं, "हावा भरनी." फोनने काय भाषांतर केलं देव जाणे, एका नर्सने जाऊन एसी बंद केला.

शेवटी मी फोन हातात घेतला. "आप्पा, कधीपासून दुखतंय? खरं सांगा."

"आत्तेच."

"आप्पा!"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "कालपाईन," म्हणाले. "मनी सहल गयी तर गयी, तुमनी कसाले खराब करू?"

"गोळ्या कोणत्या घेता?"

"काहीच नही."

मला विमानातलं पिपरमेंट आठवलं. त्यांच्या खिशातून डबी काढून मी टेबलावर उपडी केली. बडीशेपेतून डॉक्टरांनी गोळ्या वेचून काढल्या. मी तो पसारा हाताने गोळा करत राहिलो. नर्सने कात्रीने आप्पांचा शर्ट कापला. आत बनियन होतं, ठिकठिकाणी शिवलेलं. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे मोठेमोठे टाके. आप्पांनी दोन्ही तळहात त्या टाक्यांवर ठेवले. छाती दुखत असताना माणूस छातीवर हात ठेवतो तसे ते नव्हते. मी दुसरीकडे बघितलं.

हृदयाची एक नळी बंद झाली होती. मनगटातून तार घालून डॉक्टरांनी जाळी बसवली. "आणखी उशीर झाला असता तर..." एवढं फोनने मराठीत सांगितलं आणि पुढे डॉक्टरांनी नुसतीच मान हलवली. मेघाताईंनी सुरतला फोन केला. मुलाला यायला व्हिसा मिळेपर्यंत वेळ लागणार होता. बाकीची सहल पुढे गेली, मी थांबलो.

दवाखान्यात आप्पा पुन्हा आप्पा झाले. मी विचारलं, दुखतंय का? नाही. झोप लागली? एक नंबर. मुलाने व्हिडिओ कॉल केला तर त्यांनी मला आधी सलाइनचा स्टँड बाजूला सरकवायला लावला, केस विंचरून घेतले आणि त्याला हसून सांगितलं, "आरे, काय नही व्हयेल. हाऊ सुरेश उगाच घाबरस." मुलगा फोनवर रडत होता आणि आप्पा त्याला व्हिएतनाममध्ये भात किती स्वस्त मिळतो ते सांगत होते.

एका दुपारी मी खालून त्यांच्यासाठी तांदळाची पेज आणायला गेलो. परत आलो तर पडदा ओढलेला होता आणि आतून आप्पांचा आवाज येत होता. मला वाटलं मुलगा पोचला. फटीतून पाहिलं. बुटकीशी, तोंडाला मास्क लावलेली नर्स त्यांची नाडी बघत उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, इंग्रजीही जेमतेम. टेबलावर तिचा फोन बंद पडून होता. आणि आप्पा तिच्याशी अहिराणीत बोलत होते, हळू, न थांबता.

"रातले झोप लागत नही, बेटा. उठस आन् बठी ऱ्हास. हाऊ खांदा दुखस, तो येगळा. दाढ तर दिवाळीपाईन दुखी ऱ्हायनी. कोनले सांगू? पोऱ्याले सांगं तर तो काम सोडीसन पळत यी. ती व्हती तवय माले सांगनं पडे नही. चेहरा देखीसनच वळखी ले. आते सांगनं पडस. ते माले येत नही."

नर्स तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. बहुधा हात सरळ ठेवा म्हणाली असेल.

"हा, तेच," आप्पा म्हणाले. "बोटीवर मी लई घाबरनू व्हतू. खरंच घाबरनू."

तिने मनगट सोडलं, पांघरूण सारखं केलं आणि जाता जाता त्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. आप्पांनी तो हात तिथेच धरून ठेवला. ती हसली आणि थांबली.

माझे कान तापले. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं वाटलं. पाय न वाजवता मी मागे फिरलो आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. वाटी मांडीवर होती, पेज गार होत होती. आत आप्पा दाढेवरून आता गुडघ्यांपर्यंत आले होते.