निवेदिका इंदुमतीबाई यांच्या अखेरच्या निरोपाची हकीकत

श्रीगजवदनास नमन, शारदेस नमन, आणि छपरावरील अँटेनेसही नमन, जिचे मुख योग्य दिशेस वळविल्यावाचून कोणाचेच दर्शन घडत नसे. शके एकोणीसशे पंधरा, श्रीमुखनाम संवत्सर, माघ वद्य पंचमीचे सायंकाळी चित्रवाणीचे राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

त्या राज्यात निवेदिका इंदुमतीबाई टिपणीस यांचा अंमल वीस वर्षे होता. हाती शस्त्र नाही, पदरी शिबंदी नाही, अंगी काठापदराची साडी आणि मुखी गोड वाणी, एवढ्या बळावर घरोघरची माणसे जागच्या जागी बसवीत. आता बातम्या, मग नाटिका, मग चित्रपट, ऐसे सांगून बाई नमस्कार करीत आणि प्रजाजन हातचा घास ताटात ठेवून उलट नमस्कार करीत, ऐसा रिवाजच पडला होता. मग राज्यात नवा विचार शिरला आणि दिवाण त्र्यंबकराव रेगे यांनी फर्माविले की, निवेदन बंद, पत्रोत्तरे बंद, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटीही बंद. उद्यापासून यंत्रावर अक्षरे फिरतील. बाईंनी अर्ज केला, "साहेब, आज निरोपाचं एक वाक्य बोलू द्या. वीस वर्षं लोकांच्या घरात रोज जातेय, न सांगता कशी उठू?" दिवाण म्हणाले, "बाई, रडारड नको. कागदावर आहे तेवढंच वाचा." बाईंच्या जिवास बहुत लागले, परंतु सत्तेपुढे शहाणपण नाही, म्हणोन चित्रपट जाहीर करून मुकाट उठल्या.

आणि चित्रपट ऐन रंगात आला, वधूवरांमध्ये अंतरपाट धरला, आणि फीत अडकली. पडदा काळाठिक्कर जाहला. पाटी लावावी तो पाटी दुपारीच कोठीत टाकलेली, आणि किल्ली कमरेस खोचून कोठीवाले भिकाजीपंत मेव्हण्याच्या साखरपुड्यास चिपळुणास गेलेले! मग दिवाण धावत आले, "बाई, बसा हो! काहीही बोला!" बाई बसल्या. कागद नाही, तयारी नाही, आणि उशिरा आलेल्यांसाठी मागील कथा ऐशी रंगवून सांगितली की मूळ चित्रपट फिका पडावा. सात मिनिटे खिंड लढविली. धन्य त्या बाई! मग फीत जुळल्याची खूण जाहली आणि श्वासाएवढाच अवकाश उरला. बाईंनी दिवाणांकडे पाहिले नाही.

"लग्न लागतंय, बघा. मी उद्यापासून यायची नाही. फार जीव लावलात. येते मी."

दिवाण रागे भरणार, तोच त्यांच्याच घरून फोन आला. आईसाहेब विचारीत होत्या, "अरे त्र्यंबक, बाई का नाही यायच्या? तू काही बोललास का त्यांना?"

तात्पर्य, पुढे राज्य वाढले, वाहिन्या शेकड्यांनी जाहल्या, आणि जुने बहुत काही लयास गेले. पाटी गेली, पत्रोत्तरे गेली, कधी गेली तेही कोणास कळले नाही. सांगून गेल्या त्या एक इंदुमतीबाई.