भोयर सर शुद्ध बोलू लागले

मेथीचा घोटाळा माझाच. इतिहासाचा तास घेताना कॉलरला लावलेला छोटा माइक काढायला मी विसरलो, आणि बायकोचा फोन आला म्हणून तसाच व्हरांड्यात गेलो. "हो वं, विसरलो मेथी! चुकलं. घरी आल्यावर कान पकडतो, मग तर झालं?" परत आलो तर वर्ग हसून लोटपोट. माइक शीतलच्या मोबाइलला जोडलेला. शीतलला ऐकू येत नाही. आम्ही बोलतो ते तिच्या मोबाइलवर अक्षरांत उमटतं आणि ती वाचते. माझी शरणागती तिनं अख्ख्या बाकाला दाखवली होती.

दारात भोयर सर उभे. "यंत्र ऐकत आहे, राऊत," ते गंभीरपणे म्हणाले.

भोयर सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. माइक त्यांनीच आणला, नियमही त्यांचेच. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून बोलायचं नाही. दोघांनी एकदम बोलायचं नाही. हा शेवटचा नियम नागपुरात पाळणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालून हिंडणं.

शीतल काटोलची. गेल्या वर्षी तिचे वडील टीसी मागायला आले होते. "सर, पोरगी नुसती वर्गात बसून येते. तिले काहीच समजत नाही. घरीच ठेवतो आता." भोयर सरांनी त्यांच्याकडून एक सत्र मागून घेतलं आणि हा माइक आणला. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाहीतर पोरगी काटोलला.

आणि यंत्र फसलं ते नेमकं सरांच्याच तासाला. सर खेड्यातले, बोलणं अस्सल वऱ्हाडी. त्यांनी विचारलं, "मले सांगा, भाव काहून वाढला?" मोबाइलवर उमटलं, "मेले सांगा, भाव कानून वाढला." शीतल पोट धरून हसली. मग तिनं लिहून दाखवलं, "चालते सर. मी पण तिकडचीच. मले समजते."

सर हसले नाहीत. "बाकीचे पोट्टे आयतं ऐकून राहिले. तूच काहून कोडी सोडवायची?"

दुसऱ्या दिवसापासून सर शुद्ध बोलू लागले. आणि वर्गातच नाही, सगळीकडे. "जिभेला सुट्टी दिली की ती माहेरी जाते," असं त्यांचं म्हणणं. भाजीवालीला विचारायचे, "ही वांगी कशी दिली आहेत?" ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेबाले काही झालं का जी?" स्टाफरूममध्ये तर रोजचाच तमाशा. "काहून गा भोयर, पुण्यात फ्लॅट घेतला का?" सर शांतपणे उत्तर देत, "नाही. मी येथेच राहत आहे."

शीतल मात्र मागच्या बाकावरून पुढे आली. प्रश्न विचारू लागली. एकदा तिनं भर वर्गात सरांची चूक काढली, तर सरांनी सगळ्या स्टाफरूमला कचोरी खाऊ घातली. टीसीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सरांनी लग्न केलं नाही. घरी ते आणि त्यांची म्हातारी आई. तिला दिसत नसे. ती आल्यागेल्याला सांगायची, "माह्या घरी दिवसभर बातम्याच चालू असते बापा." दिवाळीनंतर तिला ताप चढला तो उतरेना. मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, भेटायला गेलो. सर उशाशी बसले होते.

"आई, तुला थोडे पाणी देऊ का?"

म्हातारीनं हात जोडले. "डॉक्टरसाहेब, माह्या वसंताले बोलवा ना. कालपासून आलाच नाही तो."

"मीच वसंता आहे, आई."

"बरं साहेब," ती अदबीनं म्हणाली. "आला म्हणजे धाडा."

मला वाटलं, आता सर चटकन वऱ्हाडीत बोलतील. पण आपल्याच दाराशी उभा राहून माणूस खिशात किल्ली चाचपतो, तसे ते नुसते बघत राहिले. मग उठून आत गेले. पाण्याचा पेला घेऊन आले, खाली वाकले.

"माय, मी आलो ना वं. पानी पेतं का?"

म्हातारीचा डोळा लागला होता. सर पेला धरून तसेच उभे राहिले. ती दुसऱ्या दिवशी गेली. मध्ये शुद्धीवर आली नाही.

तेरवी झाल्यावर सर कॉलेजात आले. शीतल दारातच थांबली होती; म्हातारीचं सगळं तिला माझ्याकडून कळलं होतं. तिनं मोबाइल पुढे केला. "सर, आता तुम्ही तुमचं बोला. माझं मी पाहून घेईन."

सरांनी वाचलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग कॉलरला माइक लावला, वर्गाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मागील तासाला आपण मागणीचा नियम पाहिला." मी व्हरांड्यातून ऐकत होतो. पूर्ण तासात एक अक्षर वाकडं गेलं नाही.

घरी येऊन सुनंदाला हे सांगितलं. तिनं माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "उद्यापासून त्यायले जेवाले इकडेच घेऊन येत जा. अन् तुमी बी हे कॉलेजातलं पुस्तकी बोलनं जरा बाजूले ठेवा. त्यायच्याशी घरी आपल्यासारखं बोलाले आता आहे कोन?"