आदेल्मोने काढलेला पोचा

"पोचा कुठाय?" ओर्नेल्लाने विचारले.

"काढला," म्हातारा आदेल्मो म्हणाला. "हात लावून बघ, लोण्यासारखा झालाय पत्रा."

ओर्नेल्ला मटकन स्टुलावर बसली. तिच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेली ही जुनी गाडी १९५३च्या हजार मैलांच्या शर्यतीत एका गोठ्याच्या भिंतीला धडकली होती आणि तरीही आपल्या गटात तिसरी आली होती. त्याची एकमेव खूण म्हणजे डाव्या मडगार्डवरचा तो पोचा. रंग देण्याआधी गाडी तपासायला परवा इंजिनिअर कावाझ्झुती येणार होते. त्यांनी अस्सलपणाचा दाखला नाकारला तर गाडी नुसती नक्कल ठरणार होती, आणि मोदेनातले कोणीही ओर्नेल्लाच्या गॅरेजात पुन्हा जुनी गाडी पाठवणार नव्हते.

"दोन दिवस तोरिनोला काय गेले, तुम्ही इतिहासच सपाट केलात!"

"पन्नास वर्षं पोचेच काढतोय. समोर दिसला आणि सोडला, असं कसं होईल गं?"

"आता परत घाला."

"पोचा? मी?" तिने चर्चमध्ये शिवी द्यायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

जुन्या फोटोवरून तिने मोजले: लांबी एकवीस सेंटिमीटर, खोली चौदा मिलिमीटर. आदेल्मोने हातोडा मारला. पत्र्यावर सुरेख, गोलसर खळगा उमटला.

"हे फळांचं ताट झालं, काका!"

"हात वाकडा पडतच नाही, काय करू?"

दुसऱ्यांदा त्याने डोळे मिटून मारला. खळगा आणखी सुरेख आला. शिवाय ठोकून ठोकून पत्रा कडक झाला. अजून एक घाव आणि तडाच गेला असता. मग पत्र्याला साबण फासून, तो साबण काळा पडेपर्यंत तापवून पत्रा मऊ करावा लागला. शेवटी आदेल्मोने अपघाताचा नाद सोडला आणि फोटो समोर ठेवून दीड दिवस तो पोचा घडवला.

कावाझ्झुती आले. वाकले. "इंजिन नंतरचं. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. दारं नवी." मग त्यांनी पोच्यावरून बोट फिरवले, फोटो पाहिला, पुन्हा बोट फिरवले.

"या गाडीत अस्सल एवढंच उरलंय," ते म्हणाले आणि त्यांनी दाखल्यावर सही केली. "नुसत्या भिंतीचं काम, पण बघा! आजच्या एकाही कारागिराला जमणार नाही."

आदेल्मोची छाती फुगली. तो एक पाऊल पुढे आला. "इंजिनिअरसाहेब, खरं सांगायचं तर..."

पाहुण्यांसाठी आणलेला गरम, पुरीसारखा तळलेला न्योक्को ओर्नेल्लाने अख्खाच्या अख्खा त्याच्या तोंडात कोंबला.

"खा, काका," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहात."